मिनी ट्रॅक्टरला मागचे लाईट लावले अन् बॅटरी बसली. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवावा का?

संत्रीवाला_मोर्शी | ४ ऑक्टोबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. माझ्याकडं जुना घेतलेला मिनी ट्रॅक्टर आहे, १८ एचपी, तीन सिलेंडर. मोठा ट्रॅक्टर संत्र्याच्या ओळीत फांद्या मोडतो म्हणून चार वर्षांपूर्वी हा घेतला. रोटाव्हेटर, फवारणी, लहान ट्रॉली, सगळं याच्यावरच.

आमच्या फीडरवर या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची आहे. ओलितासाठी जागायचंच आहे तर सोयाबीन निघालेल्या तुकड्यात हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर मारून घेऊ म्हटलं. समोर दोन दिवे आहेत, मागं मात्र ठार काळोख. म्हणून तालुक्यातल्या एका इलेक्ट्रिशियनकडून मागच्या मडगार्डवर ५५ वॅटचे दोन हॅलोजन लावून घेतले. पहिला तासभर दिवाळी. मग उजेड पिवळा, मग बिडीच्या टोकासारखा. त्या उजेडात बागेच्या कडेची ड्रिपची लॅटरल दिसली नाही, वीस-पंचवीस फूट नळी रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळली गेली. मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून विळ्यानं कापत बसलो. कापून झाल्यावर चावी फिरवली तर स्टार्टर नुसता टक् टक्. रात्री अडीचला घरी पायी.

इलेक्ट्रिशियन म्हणतो बॅटरी मोठी टाका. भाचा म्हणतो बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो काढून गाडीचा अल्टरनेटर बसवा. मला अजून मागं दोन आणि बाजूला दोन दिवे हवे आहेत, शिवाय बारा व्होल्टचा छोटा फवारणी पंप चालवायचा आहे. कोणी केलंय का हे?

जुना_डिझेल | ४ ऑक्टोबर, रात्री ११:१५

भाऊ, बॅटरी मोठी करून काय होईन? टाकं मोठं बांधलं म्हून नळाले पानी जास्त येत नाई. डायनॅमो जेवढं देते तेवढंच येईन. उलट मोठी बॅटरी कधी पुरी भरतच नाई अन् अर्धपोटी राहून दोन सालात मरते. मी केलता हा धंदा. पैसे गेले, अंधार तसाच.

वायरमन_काका | ५ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

जुना_डिझेल यांच्याशी सहमत. पण अल्टरनेटर घ्यायला पळू नका अजून. आधी मला हे सांगा:

चार्जिंगच्या यंत्राला मागून वायरी किती निघतात? दोनच सारख्या रंगाच्या असतील आणि त्या एका पंखे-पंखे असलेल्या ॲल्युमिनियमच्या डबीत (तो रेग्युलेटर) जात असतील, तर तो चुंबकाचा डायनॅमो आहे. तीन-चार वायरी आणि एक जाड बोल्टची वायर असेल तर अल्टरनेटर.

मग दीडशे-दोनशेचा डिजिटल मीटर घ्या आणि पाच आकडे लिहा. रात्रभर बंद ठेवलेल्या बॅटरीचे व्होल्ट. इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता. इंजिन कामाच्या गतीला, सगळे दिवे बंद. त्याच गतीला सगळे दिवे चालू. आणि शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा: दिवे चालू असताना मागच्या हॅलोजनच्या अगदी पिनांवर किती मिळतात.

अंदाजे सांगू नका. मीटर लावून सांगा.

रोहीग्रस्त | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

विषयाला सोडून विचारतो, क्षमस्व. मागं-पुढं चार दिवे लावून रात्री फिरलं तर रोही (नीलगाय) पळतात का? तुरीत बसूनच असतात आमच्याकडं. जागल करून करून डोळे गेले.

जुना_डिझेल | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

दोन दिवस पळतीन. तिसऱ्या दिवशी तुमच्याच उजेडात तूर खातीन. डुकराले तर काही फरकच नाई.

संत्रीवाला_मोर्शी | ६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

काका, दोन निळ्या वायरी, पंख्याची डबी. म्हणजे डायनॅमो. पाटी घासून पाहिली, १२ व्होल्ट १५० वॅट दिसतं.

रात्रभर ठेवलेली बॅटरी (चार्ज करून आणली होती): १२.५
आयडल: १२.६
दोन हजार आरपीएमच्या आसपास, दिवे बंद: १३.७
तीच गती, समोरचे दोन आणि मागचे दोन चालू: ११.८, आणि बघता बघता खाली येतं
मागच्या हॅलोजनच्या पिनांवर: १०.४

शेवटचा आकडा दोनदा घेतला, कारण विश्वास बसला नाही.

वायरमन_काका | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

शाब्बास. आता हिशेब करू, पेन घ्या.

समोरचे दोन ३५ वॅटचे धरले तर ७०. मागचे ११०. मागचा लाल दिवा, मीटरचे दिवे मिळून १० धरा. १९० वॅट. तुमचा डायनॅमो पूर्ण गतीला, नवा असताना, १५० देणार. १४ व्होल्टनं भागलं तर पावणेअकरा अँप. रोटाव्हेटर मारताना गती ठीक असते, पण वळताना, थांबताना, फवारणीत हळू चालताना तो त्याच्या निम्मंही देत नाही. खर्च चौदा-पंधरा अँप, जमा सहा-सात. उरलेले सात-आठ अँप बॅटरीच्या खिशातून. जुनी ५० एएचची (अँप-तासांची) बॅटरी अडीच-तीन तासांत स्टार्टर फिरवण्याच्याही लायकीची राहत नाही. तुमचं अगदी हेच झालं.

हे झालं दुखणं नंबर एक. दुखणं नंबर दोन कोणीच पाहत नाही. बॅटरीवर ११.८ आणि दिव्यावर १०.४. मधले १.४ व्होल्ट गेले कुठं? वायरीत. तुमच्या इलेक्ट्रिशियननं घरातल्या फिटिंगची १ स्क्वेअर एमएमची वायर वापरली असणार आणि अर्थिंग (परतीची जोडणी) मडगार्डच्या रंगलेल्या बोल्टला दिलं असणार. बॅटरीपासून स्विचपर्यंत आणि तिथून मागं दिव्यांपर्यंत आठ मीटर तांबं धरा, १ एमएमचं. त्याचा विरोध ०.१४ ओहम. त्यातून नऊ अँप गेले की सव्वा व्होल्ट तिथंच गरम होऊन संपला. उरलेलं रंगानं खाल्लं.

हॅलोजनचं एक वाईट आहे. व्होल्ट दहा टक्के कमी झाले की उजेड तीस टक्के कमी होतो. १३.५ ला जो दिवा पूर्ण जळतो तो १०.४ ला निम्मासुद्धा उजेड देत नाही, आणि अँप मात्र बऱ्यापैकी खात राहतो. म्हणजे तुम्ही डायनॅमोची कमाई वायर तापवण्यात घालवत होता.

संत्रीवाला_मोर्शी | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

काका, तुम्ही शेजारी उभे होता काय. लाल-काळी घरगुती वायर आहे, अर्थिंग रंगावरच आहे. इलेक्ट्रिशियनचं नाव काढत नाही, गावातलाच माणूस आहे.

नर्सरीवाली | ७ ऑक्टोबर, दुपारी २:३०

माझ्या नर्सरीत असाच लहान ट्रॅक्टर आहे, मी स्वतः चालवते. मी दोन वर्षांपूर्वी हॅलोजन काढून १८ वॅटचे चौकोनी एलईडी वर्क लाईट लावले. चार दिवे मिळून ७२ वॅट, म्हणजे साडेपाच अँपच्या आत. तुमच्या दोन हॅलोजनपेक्षा कमी. डायनॅमोला हात लावावा लागला नाही.

फक्त डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. "४८ वॅट" लिहिलेला दिवा आणला होता, क्लॅम्प मीटर (वायरीला चिमट्यासारखा धरून अँप मोजणारा) लावला तर १.६ अँप. म्हणजे वीस-एकवीस वॅट. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, ताई, उजेड ४८ चा आहे ना! आता याला काय म्हणावं.

आणि दिवा डोक्याच्या वर, छताला लावू नका. ऑक्टोबरात साऱ्या शिवारातले किडे तोंडावर येतात. मागचे दिवे मडगार्डच्या खालच्या बाजूला, अवजाराकडं तोंड करून लावा. किडे तिकडं, आपण इकडं.

काळी_माती | ७ ऑक्टोबर, रात्री ९:००

एलईडीचं कौतुक चाललंय म्हणून उलट बाजू मांडतो. रोटाव्हेटरची धूळ उडते तेव्हा पांढऱ्या एलईडीचा उजेड धुळीवरच आपटून परत डोळ्यात येतो. पिवळसर हॅलोजन धुळीत बरा. स्वस्त एलईडी पावसाळ्यात आतून ओला होतो, एका पट्टीतला एक दाणा गेला की तीन-तीन जातात. माझे सहा गेले. आणि मुळात धागाकर्त्याला पंपही चालवायचा आहे. दिवे कमी करून कुठवर काटकसर करणार? शेतीत काम वाढत जातं, कमी होत नाही. एकदाच अल्टरनेटर बसवा आणि मोकळे व्हा.

नर्सरीवाली | ७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

वॉर्म व्हाईट एलईडीही मिळतो दादा. आणि आतून ओला होतो तो दिवा उलटा लावल्यामुळं. खाली पाणी निथळायला बारीक छिद्र असतं, ते वर गेलं की तळं साचतं. तुमचे सहा कसे लावले होते?

काळी_माती | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४५

बघून सांगतो.

मैदानवाला | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

माझा अनुभव थोडा वेगळ्या यंत्राचा आहे, पण कामाला येईल. मी नागपूरकडं मैदानांची देखभाल करतो. आमच्याकडं गवत कापायचे बाहेरच्या देशातले गार्डन ट्रॅक्टर आहेत, पेट्रोलचे. त्यांना पट्ट्यावर फिरणारा डायनॅमोच नसतो. इंजिनच्या फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबकं चिकटवलेली असतात आणि आत तांब्याच्या वेटोळ्यांचं चक्र, त्याला स्टेटर म्हणतात. त्यातही प्रकार आहेत. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या काही जुन्या इंजिनांत दोन वेगळी वेटोळी असतात. एक फक्त तीन अँप बॅटरीला देतं, एका डायोडमधून, म्हणजे करंट एकाच दिशेनं सोडणाऱ्या पुर्ज्यातून. दुसरं पाच अँप थेट एसी (दिशा बदलत राहणारा करंट), ते फक्त दिव्यांना. म्हणून त्या यंत्राचे दिवे इंजिन बंद झालं की विझतात, आयडलला मिणमिणतात, आणि बॅटरी कितीही मोठी टाकली तरी त्यांना काही घेणंदेणं नसतं. आमच्या एका पोरानं त्या एसीच्या वायरीवर एलईडी जोडला. बॅटरीवर चालणारा दिवा होता तो, नुसता लपलपत होता.

त्याच घराण्यात १० आणि १६ अँपचे रेग्युलेटरवाले प्रकारही आहेत. स्टेटर आणि रेग्युलेटर तोच, फरक फ्लायव्हीलमधल्या चुंबकांच्या आकारात. लोक नुसता रेग्युलेटर मागवतात आणि मग अँप का वाढले नाहीत म्हणून भांडतात. चुंबक लहान तर अँप लहान.

संत्रीवाला_मोर्शी | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

हेच विचारणार होतो. माझ्या डायनॅमोचा रेग्युलेटर बदलून, किंवा डायनॅमो जाड तारेनं भरून घेऊन अँप वाढतील का? आमच्याकडं मोटारी भरणारा चांगला कारागीर आहे.

डायनॅमो_दादा | ८ ऑक्टोबर, रात्री १०:३०

दिवसभर गॅरेजमध्ये होतो, आत्ता वाचलं. हिंगणघाटकडं वीस वर्षं हेच करतो, म्हणून लांबड लावतो.

रेग्युलेटर काही निर्माण करत नाही. तो दरवाजावरचा शिपाई आहे. जास्तीचं आलं तर अडवतो, कमी आलं तर काय करणार? चुंबकाच्या डायनॅमोत चुंबक आणि तांबं जेवढं तेवढीच कमाई. इंजिन जास्त रेटलं तरी एका मर्यादेनंतर अँप वाढत नाहीत, कारण गती वाढली की वेटोळ्यांचा एसीला होणारा अडथळाही त्याच प्रमाणात वाढतो. जाड तारेनं भरला तर वेढे कमी बसतात, मग आयडलला चार्जिंगच होत नाही. भरून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

गाडीच्या अल्टरनेटरचं तसं नाही. त्यात चुंबक कायमचं नसतं. आतल्या रोटरला बॅटरीतूनच थोडा करंट देऊन चुंबक तयार होतं, आणि मागणी वाढली की आतला रेग्युलेटर तो करंट वाढवतो. म्हणून तो मागाल तेवढं देतो, त्याच्या पाटीपर्यंत.

आता बसवताना काय चुकतं ते सांगतो. याच चुका महिन्यातून दोनदा माझ्याकडं येतात.

पहिली, पुली. क्रँकची पुली ५ इंची आणि अल्टरनेटरची अडीच इंची असेल तर तो इंजिनच्या दुप्पट फिरतो. आयडल ९०० ला १८००, कामाला २४०० ला ४८००. हे चांगलं प्रमाण. साधारण हजार-दीड हजारच्या खाली अल्टरनेटर झोपलेला असतो. भंगारातल्या गाडीच्या अल्टरनेटरला बारीक दात्यांच्या पट्ट्याची पुली असेल तर ती काढून व्ही पट्ट्याची घाला. लोक तसाच पट्टा चढवतात आणि आठ दिवसांत फाडतात.

दुसरी, पट्टा. तुमच्या ट्रॅक्टरवर तोच पट्टा पंखा आणि पाण्याचा पंपही फिरवतो ना? मग लक्षात ठेवा, अल्टरनेटर जोरात ओढायला लागला आणि पट्टा घसरला तर नुसतं चार्जिंग जाणार नाही, इंजिन गरम होईल. एप्रिलमध्ये हेड गॅस्केट जाईल आणि शिव्या अल्टरनेटरला. पुलीवर पट्ट्याचा वेढा भरपूर हवा, तिन्ही पुल्या एका दोरीत हव्यात. मी खरोखरच दोरी लावून पाहतो. अंगठ्यानं दाबल्यावर अर्धा इंच दबला पाहिजे, ना जास्त ना कमी.

तिसरी, चार्जिंगचा दिवा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा शोभेचा नाही. चावी लावल्यावर त्या दिव्यातूनच अल्टरनेटरच्या 'एल' पिनेला पहिला करंट जातो आणि रोटर जागा होतो. दिवा काढला किंवा बल्ब गेला की अल्टरनेटर चार्जच करत नाही, किंवा खूप रेस केल्यावर एकदम उठतो. बल्ब दोन-तीन वॅटचा फिलामेंटचाच ठेवा. तिथं एलईडी लावला तर तो पुरेसा करंट जाऊ देत नाही.

चौथी, फिरण्याची दिशा. वीज दोन्ही दिशांनी सारखीच होते. पण मागच्या-पुढच्या पंख्याची पाती एका दिशेलाच वारा ओढतात. उलट फिरला तर चार्जिंग छान आणि आतले डायोड भाजलेले.

पाचवी, जुनी वायरिंग. डायनॅमोच्या त्या दोन निळ्या वायरी आणि जुना रेग्युलेटर पूर्ण सोडवून बाजूला बांधा. जुन्या रेग्युलेटरकडून लाल दिव्याला येणारी वायर असते, तीच 'एल' पिनेला वापरता येते. अल्टरनेटरच्या जाड बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत १० एमएमची नवी वायर. जुन्या हारनेसमधून (वायरींच्या जुडग्यातून) पाठवू नका, ती पंधरा अँपलाच वितळते.

आता खर्च किती ते. २५ अँप काढले म्हणजे ३५० वॅट. अल्टरनेटर साधारण निम्मंच विजेत बदलतो, बाकी उष्णता. म्हणजे इंजिनवर जवळपास एक एचपीचा भार. तुमच्या अठरातला एक. तासाला पाव लिटरच्या आत डिझेल. दिवे बंद असले की हा भारही जवळपास जातो.

जुना_डिझेल | ८ ऑक्टोबर, रात्री १०:५०

दादा, हे लिवून भिंतीले चिकटवतो मी.

वायरमन_काका | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

डायनॅमो_दादांचं सगळं बरोबर. दिव्यांच्या बाजूनं माझं थोडं.

दिव्यांचा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून नेऊ नका. बारा व्होल्टचा चार पिनांचा रिले घ्या, म्हणजे थोड्या करंटनं चालणारा मोठा स्विच. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूज लावून, ८७ वरून दिवे, ८५ अर्थ, ८६ स्विचकडून. स्विचमधून मग पाव अँपही जात नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज दिवा वाचवेल, ट्रॅक्टर नाही. मधली वायर सीटखाली घासून शॉर्ट झाली तर आग तिथूनच लागते.

मागच्या दिव्यांना २.५ एमएम, आणि अर्थसुद्धा वायरीनंच बॅटरीच्या मायनसपर्यंत आणा. चेसिसवर भरोसा नको. सगळी वायर कोरुगेटेड पाईपमधून. उंदराला पीव्हीसी फार आवडतं, विशेषतः सोयाबीनच्या काडाजवळ ट्रॅक्टर उभा असला की.

हरभरा_चणा | ९ ऑक्टोबर, दुपारी १:१५

आमच्या ट्रॅक्टरला अल्टरनेटरच आहे, पण दर उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी आठ-आठ दिवसांत उकळून जातं. चार्जिंग १४.६ दाखवतं. हे जास्त आहे का?

डायनॅमो_दादा | ९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

डिसेंबरच्या सकाळी १४.६ चालेल. मे महिन्यात आपल्याकडं सावलीतच ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. लेड ॲसिड बॅटरीला गरमीत कमी व्होल्ट लागतात, दर अंशाला साधारण वीस मिलिव्होल्ट कमी. पंचवीस अंशाला १४.४ योग्य असेल तर पंचेचाळीसला १४ पुरे. काही रेग्युलेटर हे आपोआप करतात, काही करत नाहीत. दुसरा रेग्युलेटर लावून बघा. आणि बॅटरी इंजिनच्या झळीपासून दूर सरकवता आली तर नक्की सरकवा. पंधरा व्होल्टच्या वर कधी दिसलं तर थांबा, रेग्युलेटर गेला.

संत्रीवाला_मोर्शी | ९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

ठरलं. एलईडी आणि अल्टरनेटर दोन्ही. काळी_माती आणि नर्सरीवाली ताई, दोघांचंही मन राखतो. दिवाळी झाली की कळवतो.

काळी_माती | १० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

पाहिले दिवे. सहाही उलटेच होते. ताईंना सांगू नका.

नर्सरीवाली | १० ऑक्टोबर, सकाळी ७:४०

वाचलं.

संत्रीवाला_मोर्शी | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

उशीर झाला, अंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चालू होती. आता सविस्तर.

अमरावतीहून जुन्या लहान कारचा अल्टरनेटर आणला, बेअरिंग आणि ब्रश नवे टाकून. पुली बदलून घेतली. ब्रॅकेट गावातल्या वेल्डरकडून. इथं पहिली चूक. तो म्हणाला ट्रॅक्टरवरच टाका मारतो, पाच मिनिटांचं काम. मी बॅटरीची वायर काढायला विसरलो, अल्टरनेटर जोडलेलाच होता. नव्या अल्टरनेटरचे डायोड तिथंच गेले. सुरू केल्यावर अल्टरनेटरमधून कुई कुई आवाज आणि १२.२ व्होल्ट. परत अमरावती, परत पैसे. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची जाड वायर काढा, हे कोणी तरी ठळक अक्षरांत लिहायला पाहिजे होतं. म्हणून मीच लिहितो.

दुसऱ्या वेळी जोडलं, तर चार्जिंगच नाही. रेस केली, काही नाही. खूप रेस केली, एकदम १४.२. बंद करून पुन्हा सुरू, पुन्हा तेच. रात्रभर डोकं धरून बसलो, सकाळी दादांची तिसरी चूक पुन्हा वाचली. डॅशबोर्ड उघडला तर लाल दिव्याच्या जागी बल्बच नाही, आधीच्या मालकानं कधी तरी काढून घेतलेला. दहा रुपयांचा बल्ब लावला. चावी फिरवली की लाल लागतो, इंजिन उठलं की विझतो. तो दिवा विझताना पाहून जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही.

आता मागं चार एलईडी, वॉर्म व्हाईट, प्रत्येकी खरे १७ वॅट (क्लॅम्प मीटरनं मोजले ताई), बाजूला दोन. छिद्र खालच्या बाजूला. समोरचे हॅलोजनच ठेवले, धुळीत खरंच ते बरे. दोन रिले, दोन स्विच, म्हणजे मागचे वेगळे बंद होतात. रस्त्यावर आलो की मागचे पांढरे दिवे बंद करायचे, हे पोराला बजावलंय. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते पुढून येणाऱ्या गाडीसारखे दिसतात, आणि नियमातही रस्त्यावर पुढं चालताना मागं असा पांढरा झोत बसत नाही.

आकडे. आयडल, सगळे दिवे चालू: १३.३. दोन हजारला, सगळे दिवे आणि पंप चालू: १४.०. मागच्या दिव्याच्या पिनांवर: १३.७. सगळं मिळून पावणेसात हजार गेले, त्यातले दीड हजार त्या पाच मिनिटांच्या टाक्याचे.

काल रात्री साडेचार तास रोटाव्हेटर मारला. ड्रिपची नळी लांबूनच दिसते. बांधावरची जुनी विहीरही दिसते, तिला कठडा नाही. आत्तापर्यंत अंदाजानं वळत होतो तिथं.

वायरमन_काका | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

बॅटरी ते दिवा फक्त ०.३ चा फरक. याला म्हणतात वायरिंग. विहिरीला आधी कठडा बांधा.

डायनॅमो_दादा | १६ नोव्हेंबर, रात्री १०:००

डायोडबद्दल वाईट वाटलं. वेल्डिंगचं मी लिहायला हवं होतं, माझ्या तोंडात रोज असतं म्हणून लिहायचं राहिलं. अजून एक त्याच जातीचं: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "चार्जिंग होतंय का पाहू" हा प्रयोग करू नका. जुने मिस्त्री करतात. डायनॅमोच्या जमान्यात खपून जायचं, अल्टरनेटरमध्ये व्होल्ट एकदम उसळतात आणि एलईडीसकट सगळं जातं.

पन्नास तासांनी ब्रॅकेटचे बोल्ट तपासा. आणि अल्टरनेटरच्या जाळीत सोयाबीनचं भुसकट बसतं, हवा मारत जा.

हरभरा_चणा | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

ब्रॅकेटला पट्टी किती जाडीची घेतली? मलाही बनवायचं आहे.

संत्रीवाला_मोर्शी | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

१० एमएम. पहिली ६ ची होती, तिसऱ्या दिवशी भोकाजवळ तडकली. दोन ठिकाणी इंजिन ब्लॉकच्या बोल्टला धरली आहे, एका ठिकाणी धरली तर थरथरते. रविवारी या, ट्रॅक्टर घरीच आहे, माप घेऊन जा.